माणसं साइटवर टिकत का नाहीत? बांधकाम कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
बांधकाम कंपन्यांचे संचालक, विकासक आणि मुख्य ठेकेदार

सप्रेम नमस्कार.

आढावा बैठक कोणत्याही प्रकल्पाची असो, सध्या एक वाक्य हमखास ऐकू येतं : "माणसं मिळत नाहीत." त्यावरचे उपायही ठरलेले असतात. कामाचे तास दहाचे बारा करा. नवा माणूस आला की त्याच दिवशी कामाला लावा. एका ठेकेदाराला पेलवत नसेल तर त्याच्या हाताखाली आणखी दोघे घाला. हे निर्णय कार्यालयात पाच मिनिटांत होतात, राबवायचे मात्र आम्हाला असतात. आम्ही साइट अभियंते, सुपरवायझर, सुरक्षा अधिकारी आणि मुकादम आहोत. हजेरीपट आम्ही भरतो आणि अपघाताचा अहवालही आम्हीच लिहितो. या निर्णयांवर मान डोलावत राहणं आता आम्हाला शक्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहोत.

तुटवडा खरा आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्यातला मोठा भाग साइटवरच तयार होतो. माणसं येतात, महिना-दोन महिने काढतात आणि निघून जातात. जाताना ओळखीच्या दहा जणांना सांगतात की त्या कामावर जाऊ नका. तुटवड्यावरचा उपाय म्हणून जे केलं जातं, त्याने आणखी माणसं जातात.

सुरुवात पैशापासून करतो, कारण बैठकीत त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. दर कमी आहे ही तक्रार आहेच. पण हिशेब कधी मिळणार याचा पत्ता नसणं माणसाला जास्त लवकर घालवतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला बांधलेलं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) मोजलं जातं महिनाअखेरीला. मोजमाप तपासायला आठ-दहा दिवस जातात, मग बिल लेखा विभागात जातं आणि तिथून पुढे करारातले ३० किंवा ४५ दिवस सुरू होतात. पहिल्या तारखेच्या घामाचा पैसा उपठेकेदाराच्या हातात पडेपर्यंत अडीच महिने सहज उलटतात. त्यातूनही पाच ते दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, कापलेलं असतं आणि ते सुटतं दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर. उपठेकेदाराकडे एवढं भांडवल नसतं, म्हणून तो मुकादमाला थांबवतो आणि मुकादम कामगाराला. कामगाराला मिळते आठवड्याची खर्ची आणि बाकीचा हिशेब "काम संपल्यावर". म्हणजे या साखळीत ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, तोच कंपनीला बिनव्याजी पैसे वापरायला देत असतो. रिटेन्शन ही कामातल्या दोषाबद्दलची हमी आहे. सळई बांधणाऱ्याची मजुरी त्यात अडकवून ठेवायला कोणताही आधार नाही.

दुसरी गोष्ट, थांबण्याच्या वेळेची. शटरिंगची टोळी सकाळी आठला हजर असते. टॉवर क्रेन दुसऱ्या इमारतीवर अडकलेली असते, होइस्टवर (माल चढवायच्या लिफ्टवर) ब्लॉक चढत असतात, बीमच्या ड्रॉइंगची सुधारित प्रत आलेली नसते. काम सुरू होतं साडेदहाला. वीस जणांच्या टोळीचे पन्नास मनुष्यतास गेले. दर चौरस मीटरवर असल्यामुळे ते कुणाच्याच खात्यात दिसत नाहीत, गेले ते कामगाराच्या खिशातून. मग तेवढं काम भरून काढायला तीच टोळी रात्री नऊपर्यंत हॅलोजनच्या उजेडात उभी राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या अहवालात "मनुष्यबळ कमी" अशी नोंद होते. त्या दिवशी मनुष्यबळ कमी नव्हतं, ते उभं होतं. किती तास कशामुळे थांबावं लागलं याचा साधा रकाना हजेरीपटात घातला, तर महिन्याभरात आपल्यालाच कळेल की आणखी माणसं हवीत की होइस्टचं वेळापत्रक हवं.

याच दरपद्धतीने शिकवणंही बंद पाडलं आहे. प्लास्टरचं काम घ्या. भिंत ओळंब्यात आहे का ते पाहायचं, दीड-दोन मीटरवर जाडीच्या खुणा बसवायच्या, त्या एका पातळीत आणायच्या, मगच माल मारायचा आणि पट्टी ओढायची. हे हाताला बसायला हेल्परला मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून कित्येक भिंती कराव्या लागतात आणि पहिल्या काही भिंती पुन्हा उतरवाव्याही लागतात. मिस्त्रीला पैसे मिळतात चौरस मीटरचे आणि हेल्परची मजुरीही त्यातूनच जाते. शिकवण्यात अर्धा दिवस घातला तर त्याचं त्या दिवसाचं उत्पन्न बुडतं. म्हणून हेल्पर पाच वर्षं घमेली वाहतो आणि हेल्पर म्हणूनच हे क्षेत्र सोडतो. काही जण लहान अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र आणतात, पण प्रमाणपत्रानंतर मजुरी तीच राहते. मग पुढचा कशाला शिकेल? कुशल कारागीर कुठे गेले, असं विचारण्याआधी ते घडवायचा खर्च कोणत्या बिलात धरला होता, ते तपासावं.

आता तास. यात आमचं ऐकू नका, उद्योजकांचंच ऐका. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची बिझनेस राउंडटेबल ही संघटना आहे. बांधकामातल्या नियोजित ओव्हरटाइमचा अभ्यास करून तिने १९८० मध्ये निष्कर्ष काढला : आठवड्याला ६० किंवा जास्त तासांचं वेळापत्रक साधारण दोन महिन्यांच्या पुढे चाललं, तर उत्पादकता इतकी घसरते की तेवढ्याच माणसांनी आठवड्याला ४० तास काम केलं असतं तर प्रकल्प लवकर संपला असता. दोन महिन्यांनंतरच्या त्या जास्तीच्या तासांचे पैसे जातात आणि वेळही जातो. साइटवर हे कसं दिसतं ते आम्ही रोज पाहतो. रात्री नऊनंतर बांधलेल्या सळईच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) राहून जातात, शटरिंगच्या पिना अर्ध्याच बसतात, काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर एका जागी जास्त आणि दुसरीकडे फिरतच नाही. सकाळी कॉलमला हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) दिसतो आणि तो फोडून भरायला तीच माणसं लागतात, जी आधीच कमी होती.

स्लॅब भरण्याच्या दिवशी तर मर्यादाच राहत नाही. काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकतात आणि सकाळी सातला सुरू झालेलं काम मध्यरात्र ओलांडतं, टोळी मात्र तीच. ओल्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. ते गमबूटमध्ये शिरलं तर लगेच दुखत नाही, काही तासांनी मोजा काढल्यावर कातडी सोललेली दिसते. पाय धुवायला पाणी मात्र तळमजल्यावर. सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमियममुळे हाताला होणारा त्वचारोग एकदा जडला की पुढे थोड्याशा सिमेंटनेही उफाळतो आणि चांगला गवंडी कायमचा बाहेर पडतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर २ पीपीएमची (दहा लाख भागांत दोन भाग) मर्यादा घातली आहे, कारखान्यात फेरस सल्फेट मिसळून ती पाळता येते. सिमेंट खरेदी करताना हा एक प्रश्न पुरवठादाराला विचारायला काहीच खर्च नाही. शिवाय लांबणाऱ्या स्लॅबसाठी दोन टोळ्या, भरावाच्याच मजल्यावर धुण्याचं स्वच्छ पाणी, आणि शोषून घेणाऱ्या कापडी-चामडी हातमोज्यांऐवजी नायट्राइलचा लेप असलेले हातमोजे. एवढंच मागणं आहे.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नव्या माणसाची. तुटवड्याच्या नावाखाली पहिल्या दिवसाचं प्रशिक्षण अर्ध्या तासावर आलं आहे, आणि तेही अनेकदा त्याला न कळणाऱ्या भाषेत, शेवटी एक सही घेऊन. उन्हाचंच पाहा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. उष्माघाताने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, कारण त्या दिवसांत घाम पुरेसा सुटत नाही आणि नवा माणूस मागे पडायच्या भीतीने थांबत नाही. नियम साधा आहे : पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्के, पुढे रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवायचं. सुट्टीवरून किंवा आजारातून परतलेल्यालाही ही सवलत लागते, ते आपण सगळेच विसरतो.

पाण्याचा हिशेब करून पाहा. उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी प्यायला हवं. तासाला पाऊण ते एक लिटर झालं. चाळीस माणसं, आठ तास : २४० ते ३२० लिटर, एका पाळीला. पिंप उभं असतं तळमजल्यावर आणि माणसं चौदाव्या मजल्यावर. होइस्ट मालासाठी राखीव. खाली जाऊन यायला वीस मिनिटं जातात आणि तेवढा दर बुडतो, म्हणून माणूस तहान मारतो. सळईवाल्याची तर आणखी एक अडचण असते. दुपारी सळई इतकी तापते की उघड्या हाताने धरवत नाही, आणि जाड हातमोजे घातले की बाइंडिंग वायरची गाठ नीट बसत नाही. या कामाला दुपारची सुट्टी आणि पहाटेची सुरुवात हाच उपाय आहे. काँक्रीटलाही तो फायद्याचा असतो, कारण भर उन्हात स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) पटकन उतरतो आणि मग गुपचूप पाणी घातलं जातं.

उंचीवरच्या कामात हार्नेस (अंगावर बांधायचे सुरक्षा पट्टे) वाटले की जबाबदारी संपली, अशी समजूत आहे. हार्नेसला जोडलेली दोन मीटरची लॅनयार्ड (सुरक्षा दोरी), धक्का शोषणारा भाग उलगडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि सुरक्षित अंतर म्हणून एक मीटर. बेरीज सव्वासहा मीटर. एवढी मोकळी जागा अँकरच्या, म्हणजे दोरी जिथे अडकवली त्या जागेच्या, खाली हवी. मजल्याची उंची तीन मीटर असेल, तर हार्नेस घातलेला माणूसही खालच्या स्लॅबवर आपटतो. तिथे कठडाच हवा, किंवा माणूस कडेपर्यंत पोचूच नये इतकी आखूड दोरी, किंवा दोरी आपोआप गुंडाळून घेणारा ब्लॉक. आणि जो हार्नेसवर लटकून वाचतो त्याला काही मिनिटांत खाली उतरवावं लागतं, नाहीतर पायात रक्त साचून तो लटकलेल्या अवस्थेतच दगावू शकतो. कोण उतरवणार, कशाने उतरवणार, याची तालीम किती साइटवर झाली आहे?

डक्टच्या (पाइप वर नेण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या) भोकावर सैल ठेवलेला प्लायवूड हा त्याहूनही वाईट सापळा. कामगाराला प्लायचा तुकडा हवा असतो. तो समोरून उचलतो, दोन्ही हातांत धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लायमुळे पायाखालचं दिसत नाही आणि ज्यावर पाय पडतो तिथे भोक असतं. झाकण खिळे मारून पक्कं करायला आणि त्यावर लाल रंगात "खाली भोक आहे" लिहायला दहा मिनिटं लागतात. त्याहून चांगलं म्हणजे स्लॅबची जाळी डक्टमधून तशीच सलग जाऊ द्यायची आणि पाइप येईल त्या दिवशीच कापायची. कठडा प्लंबर काढतो आणि परत लावत नाही, कारण ते त्याच्या दरात नाही. गवंडीही लावत नाही, कारण त्याच्याही दरात नाही. निविदेत ज्याची बाब नाही ते कुणाचंच काम नसतं, आणि सुरक्षेची स्वतंत्र बाब बहुतेक निविदांत नसते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देताना त्याने नेमकं काय वगळलं आहे, हे आपल्याला माहीत असतं.

वजनाबद्दल थोडंच. ३२ मिलिमीटर जाडीची बारा मीटर लांब सळई सुमारे ७६ किलोची, २५ची ४६ किलोची. सिमेंटची गोणी ५० किलोची. दिवसभर हे उचलणाऱ्याची कंबर चाळिशीआधी जाते आणि तो अनुभवाने सर्वांत उपयोगी पडायच्या वयात घरी बसतो. क्रेनची फेरी सळईसाठी राखून ठेवणं, ढीग गुडघ्याच्या उंचीवर रचणं आणि सळई दोघांऐवजी चौघांनी उचलणं, याला नवीन यंत्र लागत नाही.

धूळ तर दिसतही नाही, म्हणजे जी मारते ती. ब्लॉक, टाइल किंवा भिंतीतली झिरी कोरडी कापली की सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जातात. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही, आणि हे कण कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केलं आहे. अमेरिकेच्या २०१६च्या नियमात आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण आरपार जातात. पात्यावर पाणी सोडणारं किंवा धूळ ओढून घेणारं कटर हवं आणि त्यावर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क.

राहण्याच्या जागेकडे लक्ष गेलं नाही, तर वरचं सगळं करूनही माणूस थकलेलाच कामावर येईल. पत्र्याची खोली दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत आत भट्टी असते. दिवसपाळी आणि रातपाळीचे लोक एकाच खोलीत, त्यामुळे झोप कुणाचीच होत नाही. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ आणि युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँक यांनी २००९ मध्ये कामगार निवासाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. माणशी चार ते साडेपाच चौरस मीटर जागा, एका खोलीत दोन ते आठ माणसं, दोन खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर, पंधरा जणांमागे किमान एक शौचालय. आपल्या वसाहतींत फूटपट्टी घेऊन एकदा जाऊन यावं.

स्त्रियांबद्दल : समान कामाला समान मजुरी, कामाच्या मजल्याजवळ कडी लागणारं स्वतंत्र शौचालय, लहान मुलांसाठी साइटपासून वेगळी सुरक्षित जागा, आणि मिस्त्री होण्याची संधी. शौचालय लांब म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईला उन्हाचा धोका वाढतो, हे वेगळं सांगायला नको. आणि मनाबद्दल : घरापासून दूर, कर्जात, अनिश्चित कामावर राहणाऱ्या माणसाचं मन खचतं. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात बांधकाम कामगारांमध्ये आत्महत्येचं प्रमाण चिंताजनक आढळल्यावर तिथल्या उद्योगाने हा विषय उघडपणे हाती घेतला. निदान विचारणारा एक माणूस प्रत्येक साइटवर असावा.

यातलं काहीही आमच्या मनातलं नवं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बांधकामातील सुरक्षा आणि आरोग्याबद्दलचा करार क्रमांक १६७ हा १९८८ सालचा आहे. साइटवर अनेक ठेकेदार असले तरी सुरक्षेच्या समन्वयाची जबाबदारी मुख्य ठेकेदाराची, संरक्षक साधनं कामगाराकडून पैसे न घेता द्यायची, जिवाला तातडीचा धोका दिसला तर काम सोडून बाजूला होण्याचा हक्क कामगाराला, हे सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. मजुरी दर आठवड्याला थेट कामगाराच्या खात्यात. उपठेकेदार देत नसेल तर मुख्य कंपनीने द्यावी आणि त्याच्या बिलातून वळती करावी. मजुरीच्या भागावर रिटेन्शन कापू नये.

२. कामगाराच्या चुकीशिवाय थांबावं लागलं तर तेवढ्या वेळाची रोजंदारी, आणि हजेरीपटात थांबण्याच्या कारणाची नोंद.

३. मुख्य ठेकेदाराच्या खाली उपठेकेदारीच्या दोनपेक्षा जास्त पायऱ्या नकोत.

४. सुरक्षा, पाणी, निवास आणि प्रशिक्षण यांच्या रकमा निविदेत आधीच ठरलेल्या असाव्यात. दरांच्या स्पर्धेत त्या येऊ नयेत आणि काम प्रत्यक्ष दिसल्यावरच अदा व्हाव्यात.

५. ओव्हरटाइम कामगाराच्या मर्जीने आणि वाढीव दराने, भरपगारी साप्ताहिक सुट्टी, आणि स्लॅबच्या दिवशीही एका टोळीला दहा तासांपेक्षा जास्त काम नाही.

६. नव्या माणसाचा पहिला पूर्ण दिवस प्रशिक्षणाचा, त्याच्या भाषेत, प्रत्यक्ष करून दाखवून आणि मजुरीसह. पहिला आठवडा अनुभवी माणसासोबत. उन्हाळ्यात २० टक्क्यांचा नियम.

७. शिकाऊ हेल्परची मजुरी कंपनीने द्यावी, शिकवणाऱ्या मिस्त्रीला वेगळा भत्ता द्यावा, आणि हेल्पर, अर्धकुशल, कुशल अशा प्रत्येक पायरीला ठरलेली मजुरीवाढ असावी.

८. "शून्य अपघात" म्हणून दिली जाणारी बक्षिसं बंद करावीत, त्यांच्यामुळे अपघात लपवले जातात. थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला आणि धोका पाहून काम थांबवणाऱ्याला कामावरून काढणार नाही, असं लेखी द्यावं.

पहिल्या मागणीला नवा पैसा फारसा लागत नाही, पैसा देण्याची तारीख बदलावी लागते. ती आणि दुसरी मागणी पुढच्या बिलापासून सुरू करता येतील. चौथी मागणी पुढच्या निविदेपासून. बाकीच्यांसाठी प्रत्येक प्रकल्पाने तारखांसह वेळापत्रक द्यावं. आपलं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे, आणि ते साइटच्या फाटकावरच्या फलकावर, तिथल्या कामगारांना वाचता येईल अशा भाषांत लावलेलं हवं आहे.

आपले,
साइटवरचे अभियंते, सुपरवायझर, सुरक्षा अधिकारी आणि मुकादम